सुट्टीच्या जेवणाची तालीम

आमच्या ताईंचा आवाज धड ऐकलाय अशी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. ताई म्हणजे माझी थोरली नणंद. एका नाटक कंपनीत त्या प्रॉम्प्टर आहेत. रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड जी जागा असते तिला विंग म्हणतात; तिथे स्टुलावर बसायचं आणि नट अडला की त्याला पुढचं वाक्य पुरवायचं. तेही असं, की नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेतल्या प्रेक्षकाला जाऊ नये. जन्मभर हेच केल्यामुळे बाई भाजीवाल्याशीही तशाच बोलतात. तो बिचारा कान पुढे करून "काय? काय म्हणालात?" करत राहतो आणि शेवटी कंटाळून मनाला येईल ते पिशवीत घालतो. लग्नानंतर सुरुवातीला मला वाटायचं, या माझ्यावर रुसल्यात. नवऱ्याला मी तसं विचारलंही. तो म्हणाला, "रुसली की ती बोलतच नाही. हे तिचं ओरडणं आहे."

खरं तर त्यांना नटी व्हायचं होतं. तरुणपणी एक कामही मिळालं होतं. तालमीत म्हणे सगळे त्यांच्याकडे बघत राहायचे. पण पहिल्या प्रयोगाला पडदा उघडला, समोर काळोखात माणसं बसलेली दिसली, आणि घसा जो बंद झाला तो झालाच. शेवटी पडदा पाडावा लागला. सासूबाई ही गोष्ट आल्यागेल्याला हसत हसत सांगतात. त्या सांगायला लागल्या की ताई उठून पाणी प्यायला जातात. मला सासूबाईंचा तेव्हा असा राग येतो म्हणून सांगू!

आता साहेबांबद्दल. साहेब म्हणजे माझा मुलगा. त्याला ऑटिझम आहे. 'साहेब' हे नाव त्याला घरातच पडलं, कारण सगळ्या घरावर देखरेख त्याची. दाराशी चपला वाकड्यातिकड्या दिसल्या की आधी त्या सरळ लावणार, मगच घरात पाऊल. बोलणं अगदी थोडं, आणि तेही स्वतःचं क्वचितच. बहुतेक वेळा दुसऱ्याचं एखादं वाक्य उचलतो आणि त्याच माणसाच्या आवाजात, त्याच्याच ठेक्यात परत म्हणतो. एकदा पाहुण्यांसमोर त्याने हुबेहूब माझ्या आवाजात "हे कधी जाणार आहेत?" असं विचारलं होतं. त्या पाहुण्यांचं आणि आमचं आजही जेवढ्यास तेवढं आहे.

वर्षातल्या मोठ्या सुट्ट्या जवळ आल्या की मला त्या नकोशा व्हायच्या. शेजारपाजारचे लोक खरेदीला लागायचे आणि मी दारं-खिडक्या लावायला. कारण सगळं जगच बदलायचं हो! रस्ताभर लुकलुकणारे दिवे, दुकानादुकानात कर्णे, शाळा बंद, बाबा भलत्याच दिवशी घरात, सोफा भलत्याच भिंतीला. शेवटचे पाहुणे आले होते तेव्हा साहेबांनी भिंतीवर डोकं आपटून घेतलं. कपाळ सुजलं, फुटलं, तरी थांबेना. माझा थोरला भाऊ आणि वहिनी भरल्या ताटांवरून उठून गेले. त्यानंतर आमचं दार सुट्ट्यांत कुणाला उघडलं नाही. सासूबाई खिडकीशी बसून दुसऱ्यांच्या घरी जाणारी माणसं बघत बसायच्या.

साहेबांच्या शाळेतल्या बाई या वर्षी म्हणाल्या, "असं कोंडून किती वर्षं काढणार? त्याला अचानक काही नको असतं. काय होणार ते आधी दाखवा, पुन्हा पुन्हा दाखवा. आणि फार झालं तर लपायला त्याची एक जागा ठेवा." मी घरी येऊन हे सांगितलं. ताई कोपऱ्यात मटार सोलत होत्या. हातातली शेंग तशीच ठेवून त्या पुटपुटल्या, "आधी दाखवायचं, पुन्हा पुन्हा दाखवायचं... म्हणजे तालीमच की."

आणि ताईंनी खरंच तालीम लावली. सुट्टीच्या जेवणाची! संध्याकाळ झाली की टेबल मांडायचं, दिव्यांची माळ लावायची, मी बेल वाजवून बाहेरून आत यायचं, "या या" म्हणायचं, बसायचं, रिकाम्या ताटांत चमचे वाजवायचे. आधी थोडा वेळ, मग जास्त. कोण कुठे बसणार ठरलेलं, कोण काय बोलणार ठरलेलं, हसायचं किती तेही ठरलेलं. नवरा म्हणायचा, "दिवसभर कारकुनी करून आलो आणि आता नटपणा करतोय." पण करायचा. सासूबाईंना सासूबाईंचंच काम होतं, तरी त्या इतका अभिनय करायच्या की ताईंना सारखं "आई, जरा कमी" म्हणावं लागायचं.

हॉलच्या टोकाला खिडकी आहे. तिच्यापुढे ताईंनी कंपनीतला एक जुना काळा पडदा आणून टांगला आणि त्याच्यामागे साहेबांचं स्टूल ठेवलं. ही साहेबांची विंग. तिचे कायदेही त्यांनी कंपनीतलेच लावले. विंगेत असलेल्या माणसाला कुणी हाक मारायची नाही, हात लावायचा नाही. त्यानेही बोलायचं नाही. कुणी अडलंच तर हळूच वाक्य द्यायचं, तेवढी सवलत. आणि एक कायदा असा, की विंगेतून तुला प्रेक्षक दिसत असतील तर प्रेक्षकांनाही तू दिसतोस. दिसलास की एक पाऊल मागे हो. ताई नव्या पोरांना कंपनीत हेच शिकवतात. साहेबांना कायदा म्हणजे जीव की प्राण. तो पडद्याच्या फटीशी उभा राहायचा, मी दिसले की एक पाऊल मागे. ताई कौतुकाने मान हलवायच्या. मीही हसायचे.

भानगड एकच होती. माझा भाऊ. दादा. साहेबांचा मामा आणि आमचा मुख्य पाहुणा. त्याला तालमीला बोलावलं तर गडगडून हसला. "अगं छोटे, मी जेवायला यायचंय ना? जेवायची कसली तालीम? ती मी जन्मल्यापासून करतोय." शेवटपर्यंत आला नाही. म्हणून त्याच्या खुर्चीत ताई बसायच्या. कंपनीतही नट गैरहजर असला की त्याचं काम तालमीत प्रॉम्प्टरच म्हणतो. आणि काय सांगू, त्या खुर्चीत बसल्या की बाई बदलायच्या! पाय पसरायच्या, पोटावर थाप मारायच्या आणि खणखणीत, घर भरून टाकणाऱ्या आवाजात म्हणायच्या, "पोट फुटायला आलंय, पण बिस्कीट असेल तर बसवतो कुठेतरी!" दादा जेवल्यावर हे दर वेळी म्हणतो, म्हणून ते वाक्य घेतलं होतं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी आणि नवरा एकमेकांकडे बघतच राहिलो. हा आवाज इतकी वर्षं कुठे ठेवला होता बाईने?

ते वाक्य झालं की आम्ही बेताने हसायचं, आणि मग साहेबांची एन्ट्री. पडदा हलायचा, साहेब बिस्किटांचा डबा घेऊन बाहेर यायचे. आधी आजीला बिस्कीट, मग बाबांना, मला, मामीच्या रिकाम्या खुर्चीला, आणि सगळ्यांत शेवटी मामाला, म्हणजे ताईंना. मग डबा टेबलावर ठेवून आपल्या खोलीत. दार लागलं की ताई म्हणायच्या, "पडदा." संपलं. पाहुण्यांसमोर एवढं जमलं तर जमलं. जमलं नाही तर आमचं दार कायमचं बंद, हे मी मनाशी पक्कं केलं होतं.

सगळं ठीक चाललं होतं आणि मालकाने इमारतीचं रंगकाम काढलं. सुट्ट्यांच्या तोंडावर! रंगाऱ्याने खिडकीची जाळी काढून खाली नेऊन ठेवली, "रंग झाला की बसवतो" म्हणाला. आम्ही तिसऱ्या मजल्यावर. खिडकीच्या खालून बाहेरच्या भिंतीला एक सिमेंटची पट्टी जाते, जेमतेम पाऊल मावेल एवढी, पार सांडपाण्याच्या पाइपापर्यंत. मी म्हटलं, विंग दुसरीकडे हलवू. पडद्याला हात लावल्याबरोबर साहेबांनी जी किंकाळी फोडली, ती ऐकून समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. मग नवऱ्याने खिडकीची कडी तारेने करकचून बांधली. येताजाता मी ती तार ओढून बघायचे. रात्री झोपेतून उठूनही बघायचे.

ठरलेल्या दिवशी मी पाव आणायला खाली उतरले. तेवढ्यात रंगारी येऊन गेला. चौकटीवरून शेवटचा हात फिरवायचा राहिला होता म्हणे. सासूबाईंनी त्याला आत घेतलं. त्याने तार सोडली, रंग लावला, रंग वाळावा म्हणून खिडकी ढकलून ठेवली आणि पडदा होता तसा ओढून निघून गेला. मला कुणी काही सांगितलं नाही. मी परत आले तेव्हा साहेब डबा घेऊन विंगेत जाऊन बसले होते. विंगेतल्या माणसाला हात लावायचा नाही, म्हणून त्या दिवशी मी तार ओढून बघितली नाही.

दादा आणि वहिनी आले. वहिनी बिचारी पायांचा आवाज न करता आली. दादाने मात्र चपला भिरकावल्या, "कुठंय आमचा हिरो?" म्हणत सरळ हॉलच्या टोकाला गेला आणि फर्रकन पडदा सरकवून फोनने फोटो काढला. झगझगीत उजेड पडला. दादाच्या पाठीआड मला आतलं काही दिसलं नाही.

"दादा!" मी एवढ्याने ओरडले की माझंच मला वाईट वाटलं.

"अगं, फोटोच काढला. खाल्लं नाही त्याला." त्याने पडदा ओढून घेतला.

मी ताईंकडे बघितलं. ताई डोळे मिटून ऐकत होत्या. पडद्यामागे डब्यातली बिस्किटं जराशी खुळखुळली, मग गप्प. किंकाळी नाही, डोकं आपटणं नाही. ताईंनी मला मानेने खूण केली, चला, पुढे. मला केवढं हायसं वाटलं! पोर शहाणं झालं, असंसुद्धा मनात येऊन गेलं.

आम्ही जेवलो. म्हणजे बाकीचे जेवले. मी घास फिरवत होते आणि त्या काळ्या पडद्याकडे बघत होते. सगळं तालमीप्रमाणे चाललं होतं. दादालाही वहिनीने दटावून ठेवलं असावं, तो हळू बोलत होता. जेवण झालं. दादाने पोटावर थाप मारली. ताईंनी स्वयंपाकघराच्या दारातून त्याला खूण केली, आणि तो म्हणाला, "पोट फुटायला आलंय, पण बिस्कीट असेल तर बसवतो कुठेतरी!" शब्द न् शब्द बरोबर. आम्ही बेताने हसलो.

पडदा हलला नाही.

दादाने पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. आम्ही पुन्हा हसलो. सासूबाई एकट्याच जरा जास्त वेळ हसत राहिल्या आणि मग त्याही थांबल्या. पडदा किंचित फुगला आणि परत बसला. वाऱ्याने. बंद खिडकीतून वारा कसा येईल?

मी उठले कधी आणि पडद्यापाशी पोचले कधी, मला आठवत नाही. मागे स्टूल होतं. खिडकी सताड उघडी होती. चौकटीच्या ओल्या पांढऱ्या रंगावर बोटांचे ठसे होते, लहान लहान. मी डोकं बाहेर काढलं.

तो डावीकडे पट्टीवर उभा होता. पाठ भिंतीला टेकलेली, डबा पोटाशी धरलेला. माझा हात पोचेल त्याच्या जरासा पलीकडे. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं, आणि एक पाऊल मागे सरकला.

मी हात लांब केला. तो आणखी एक पाऊल सरकला, पाइपाच्या बाजूला. पाइपापुढे पट्टी नाही. तिथे काहीच नाही.

मागून कुणीतरी मला कमरेला धरून आत ओढलं. ताई होत्या. माझ्या तोंडावर त्यांनी हात दाबला, कारण माझी किंकाळी घशापर्यंत आली होती. "बघू नकोस त्याच्याकडे," त्या माझ्या कानात म्हणाल्या. "कुणीच बघू नका. आपण दिसलो की तो मागे जातोय. मी शिकवलंय त्याला. मीच शिकवलंय."

नवरा जिना उतरून धावत सुटला. खाली शिंप्याचं दुकान आहे. शिंपीकाका आणि तो जाड कापडाची चादर घेऊन भिंतीला चिकटून उभे राहिले. रस्त्यावरच्या लोकांनी वर बघू नये म्हणून शिंपीकाकांचा कारागीर एकेकाला हात जोडून छपराखाली ढकलत होता. रस्त्यावर माणसं जमली असती, पोराने खाली बघितलं असतं आणि त्याला तिथेही प्रेक्षक दिसले असते, तर मागे सरायला त्याला जागा नव्हती. हे सगळं मला नंतर कळलं. वहिनी स्वयंपाकघरात जाऊन फायर ब्रिगेडला फोन करत होती आणि पत्ता सांगताना तिची बोबडी वळत होती. ते म्हणाले, निघतोय, पण रस्ते सुट्टीच्या गर्दीने तुंबलेत.

आणि मी? मी त्याची आई, पडद्यापासून हातभर अंतरावर उभी होते, आणि माझ्या मुलाकडे बघायची मला बंदी होती. तो अजून उभा आहे की नाही तेही कळत नव्हतं. एवढी भीती मी आयुष्यात कधी अनुभवली नाही. भीतीने माणूस रडतो म्हणतात. मला रडूही येत नव्हतं. मी नुसती कान देऊन होते, डब्यातली बिस्किटं वाजतात का ते ऐकत.

"तो एन्ट्रीला थांबलाय," ताई म्हणाल्या. "हरवला नाही, पळाला नाही. थांबलाय. सगळे जागेवर बसा. वाक्यापासून पुन्हा."

"बसा?" दादा म्हणाला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. "अहो, पोर तिकडे—"

"बस रे!" सासूबाई त्याच्यावर खेकसल्या. आणि आम्ही बसलो. त्या टेबलाशी, उष्ट्या ताटांपुढे, पोर बाहेर पट्टीवर असताना आम्ही जेवणाचं नाटक करायला बसलो. दादाने पोटावर थाप मारली. त्याचा आवाज फाटत होता. "पोट फुटायला आलंय..." कसंबसं पूर्ण केलं. आम्ही हसलो. ते हसणं मला अजून स्वप्नात ऐकू येतं.

बाहेर डबा खुळखुळला. लांब. पहिल्यापेक्षा लांब.

"पुन्हा म्हणू?" दादाच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "कसं म्हणू? मी बरोबरच म्हणतोय ना? छोटे, मी बरोबरच म्हणतोय ना गं?"

तेव्हा मी ताईंकडे बघितलं. ताई दादाच्या खुर्चीकडे टक लावून बघत होत्या. त्यांच्या चेहऱ्यावर जे दिसलं ते माझ्याही लक्षात एकदमच आलं. एन्ट्रीचं म्हणून हे वाक्य साहेबांनी दादाकडून कधी ऐकलंच नव्हतं. तालमीत ते ताईंचं होतं. तो जो मामा ओळखत होता, जो त्या खुर्चीत बसून त्याला रोज एन्ट्री देत होता, तो मामा अजून बोललाच नव्हता.

"उठा," ताई दादाला म्हणाल्या.

त्या खुर्चीत बसल्या. पाय पसरले. पोटावर थाप मारली. तोंड उघडलं. आणि काही आलं नाही.

मी त्यांचा गळा बघत होते. शिरा ताणलेल्या, ओठ हलताहेत, आवाज नाही. त्यांनी पुन्हा श्वास घेतला. पुन्हा काही नाही. दादा भिंतीशी उभा, वहिनी दारात, सासूबाई हात जोडून, मी. सगळे त्यांच्याकडे बघत होतो. तालमीत तिथे घरची माणसं होती. आज प्रेक्षक होते. सासूबाईंनी हसत हसत सांगितलेली ती गोष्ट माझ्या डोळ्यांपुढे घडत होती, आणि या वेळी पडदा पाडून भागणार नव्हतं. मला ओरडावंसं वाटलं, बोला हो, बोला! पण मी ओरडले असते तर बाहेर आणखी एक पाऊल पडलं असतं.

ताईंचे डोळे भरून आले. त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. नाही. येत नाही.

आणि त्या शांततेत, पडद्यामागून, खिडकीबाहेरून, एक पुटपुटणं आलं. अगदी हळू. नटाला ऐकू जावं आणि पहिल्या रांगेला जाऊ नये एवढंच.

"पोट फुटायला आलंय..."

ताईंचाच आवाज. त्यांची कुजबुज, त्यांचा ठेका. साहेब विंगेत होते, आणि रंगमंचावरचा नट अडला होता. त्यांनी वाक्य दिलं.

ताईंनी मान वर केली. जन्मभर त्यांनी लोकांना वाक्यं दिली. त्यांना कुणी दिलेलं वाक्य त्यांच्यापर्यंत पोचल्याचं मी तरी कधी ऐकलं नव्हतं. त्यांनी डोळे मिटले, आणि तो आवाज आला. खणखणीत, घर भरून. "पोट फुटायला आलंय, पण बिस्कीट असेल तर बसवतो कुठेतरी!"

आम्ही हसलो. बेताने. मी मांडीवरचा माझा हात नखांनी ओरबाडत हसले.

डबा खुळखुळला. मग पुन्हा. आता जवळ. मग थांबला. भिंतीला काहीतरी घासल्याचा आवाज आला आणि नंतर बराच वेळ काहीच नाही. मग स्टूल सरकलं.

पडदा हलला. साहेब बाहेर आले.

शर्टाच्या पाठीला रंग, बोटं पांढरी, गुडघा खरचटलेला. आजीपाशी गेले, बिस्कीट दिलं. सासूबाईंनी ते घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा अजिबात अभिनय केला नाही. बाबांच्या खुर्चीत कोणी नव्हतं. तिच्यापुढे बिस्कीट ठेवलं. मग माझ्यापाशी आले. तो माझ्यासमोर होता, श्वास लागेल इतका जवळ. झडप घालून त्याला छातीशी धरावं, सोडूच नये, असं माझं सगळं अंग ओरडत होतं. मी हात पुढे केला आणि बिस्कीट घेतलं. त्याच्यावर ओला पांढरा रंग लागला होता. मी ते तसंच खाल्लं.

मामीच्या रिकाम्या खुर्चीला त्याने बिस्कीट दिलं. वहिनी दारात तोंडात पदर कोंबून उभी होती. शेवटचं मामाला, म्हणजे ताईंना. भिंतीशी उभ्या असलेल्या दादाकडे त्याने बघितलंही नाही. डबा टेबलावर ठेवला, सरळ केला, खोलीत गेला आणि दार लावून घेतलं.

ताई "पडदा" म्हणाल्या. मग मी धावले, आणि आधी खिडकी लावली.

फायर ब्रिगेड आली तेव्हा शिंपीकाका चादरीची घडी घालत होते. नवरा जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसला होता. दादाने स्वतः खाली जाऊन जाळी वर आणली आणि रंगाऱ्याची वाट न बघता त्याच दिवशी बसवली. वाकडी बसली. साहेब ती रोज बोटाने तपासतात आणि नापसंतीने मान हलवतात.

आता दादा तालमीला येतो. न चुकता, आणि शहाण्यासारखा. पण हल्ली आमची तालीम जेवणाची नसते. ताईंनी एक कायदा घातला होता, तोच त्या काढायला बसल्यात. घालायला वेळ लागला नव्हता, निघता निघत नाही. साहेब खोलीच्या मध्ये उभे राहतात, मी दारातून डोकावते, आणि ते एक पाऊल मागे जातात. दर वेळी माझ्या पायाखालची जमीन सरकते. खोलीत आहे, जमिनीवर आहे, जाळी आहे, सगळं कळतं, तरी सरकते. मग ताई स्टुलावरून त्याला नवं वाक्य देतात, "दिसलो तरी चालतं."

काल मी डोकावले. त्याने माझ्याकडे बघितलं. टाच उचलली, मागे न्यायला. मी दाराची चौकट घट्ट धरली. टाच तशीच हवेत राहिली, बराच वेळ. मग त्याने ती होती तिथेच खाली ठेवली, आणि ताईंच्या आवाजात, पण जरा मोठ्याने, पहिल्या रांगेला सहज ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाला, "दिसलो तरी चालतं."